आता नाव जागेवरच

चतुरांचे फोटो काढत हिंडणाऱ्यांत ‘आधी टिपून घ्या, नाव घरी बघू’ हा रिवाज आहे. मी त्याचा कट्टर समर्थक होतो. जाळी नको, जिवाला त्रास नको. चांगली लेन्स असली की भागतं, असं नवख्यांना ठासून सांगायचो. हल्ली सांगत नाही. जाळी अजूनही नकोच, पण नाव शक्यतो जागेवर ठरवावं, या मताला मला ग्राउंड स्किमरने आणलं.

हा इतका नेहमीचा चतुर, की त्याच्यासाठी कुणी वाकत नाही. पोट जेमतेम दोन सेंटीमीटर. मादी आणि कोवळा नर हिरवट पिवळे, वर काळ्या खुणा. पडद्यावर मोठा केला की तो थेट ग्रीन मार्श हॉकच्या घरातला वाटतो. मार्श हॉक बाजूने टिपला गेला तर त्याची चिमटलेली कंबर दिसते. समोरून टिपला तर तीही लपते. प्रत्यक्षात तो याच्या जवळजवळ दीडपट, आणि फोटोत नेमकं तेच हरवतं. चतुरांचे अभ्यासक फ्रेझर यांनी चतुरांवरच्या, १९३३ ते १९३६ दरम्यानच्या आपल्या तीन खंडांत प्रत्येक जातीच्या पोटाची आणि मागच्या पंखाची मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत. मला तो रुक्षपणा वाटायचा. आता मी आधी तीच बघतो.

नर पिकला की निळसर पूड अंगावर चढते, खुणा पुसल्या जातात. मग लिटल ब्लू मार्श हॉकशी गल्लत होते. पण तो पाणथळीत काटकीच्या टोकावर बसणारा. ग्राउंड स्किमर मैदानात, पायवाटेवर, भाताच्या बांधावर, पाण्यापासून लांबसुद्धा, आणि बसणार जमिनीलगत. हटकलं तर गुडघ्याखालूनच उडत चार हात पुढे जाऊन पुन्हा मातीवर. हे उठणं-बसणं एका फोटोत कसं यावं? खात्रीसाठी शेपटीच्या टोकाची उपांगं बघावीत: नर निळा झाला तरी ती पांढुरकी राहतात. जवळचं दाखवणारी दुर्बीण असली तर उकिडवं बसून आरामात दिसतात (गुडघे शाबूत हवेत, एवढंच).

टाचण्यांच्या, म्हणजे चतुरांच्या नाजूक भाऊबंदांच्या बाबतीत मात्र माझा जुना हट्ट कायम आहे. पिग्मी डार्टलेट आणि तिच्या भावंडांची ओळख मानेमागच्या कडेवर आणि उपांगांच्या घडणीवर ठरते. तिथे बाजूने आणि वरून, दोन्हीकडून फोटो घ्यावेत आणि नाव खुशाल घरी शोधावं.