भाषणाला बंदी

मोठ्या शाळेत गणिताचे तीन-चार शिक्षक असतात. संगणकाचा बहुधा एकच. त्याच्याकडे लोक येतात ते प्रिंटर अडला म्हणून, नाहीतर पोर्टलवर माहिती भरायची शेवटची तारीख उजाडली म्हणून. ‘मुलांना लूप कसं शिकवता?’ असं स्टाफरूममध्ये त्याला कुणी विचारत नाही. विचारणार तरी कोण?

म्हणून मी संगणक शिक्षकांच्या संमेलनांना जातो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आलंच. ‘एआयमुळे शाळा बदलणार’ छापाचं प्रायोजकाचं भाषणही आलं. ते मी वही मिटून ऐकतो. वही उघडते ती एखादा शिक्षक बाकीच्यांना विद्यार्थी करून आपला तास घेतो तेव्हा.

अशा तासाला संगणक लागतोच असं नाही. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’मधून संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ रुळवले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातल्या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला सीएसपाठशाळा हा उपक्रमही यंत्राविना शिकवण्यावर भर देते. वीज गेली तरी तास होतो, हे खेड्यातल्या शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

या खेळांतला द्विमान पद्धतीचा, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याचा, खेळ बहुतेकांना ठाऊक असतो: उजवीकडून १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची कार्डं घेऊन पाच मुलं उभी करायची, हवी ती उघडायची. तेरासाठी ८, ४ आणि १. मीही तसाच घेत असे. एका संमेलनातल्या कार्यशाळेत जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी पाचवं कार्ड पालथंच ठेवलं आणि यावर किती ठिपके असतील, एवढंच विचारलं. दुपटीचा नियम त्यांनी उच्चारलाही नाही. पुढे एकतीस झाल्यावर म्हणाल्या, “आता बत्तीस करा.” सगळी कार्डं उघडी, तरी एक कमीच! “बाई, अजून एक कार्ड द्या,” असं मागून कुणीतरी ओरडलं. नवं स्थान का लागतं, हे एवढं उघडं झालेलं मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही.

याच बाई मुख्य सभागृहात दिवसभर गप्प होत्या. तिथे सगळं इंग्रजीत चाललं होतं.

अशा शिक्षकांना बोलतं करायला लहान बैठकाच लागतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांच्या मुलांपासून संगणकशास्त्र अभ्यासक्रमात आलं. पण ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ हा गट २००८ पासूनच उभा होता, आणि त्याचा जीव शिक्षकांच्या स्थानिक बैठकांत होता. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग आलं. बैठका मात्र आपल्यालाच भरवाव्या लागणार.

आमच्या तालुक्यातल्या काही जणांनी ठरवलंय: महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की कुणाच्या तरी वर्गात जमायचं. प्रत्येकाने एक तास आणायचा, तोही मराठीत. चहा यजमान शाळेचा, भाषणाला बंदी.