रात्रीची पाळी

माझे माहेर सावनेर तालुक्यातले आणि सासर सौसरचे. दोन्ही घरांत भाषा एक, संत्र्याच्या बागा त्याच, आणि थंडीत ताण तोडून आंबिया बहाराला पाणी देण्याची लगबगही तीच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्ये राज्याची सीमा आली. (जिल्हाही 2023 साली बदलला, छिंदवाड्याचे आम्ही पांढुर्ण्याचे झालो.) विजेची बिले मात्र दोन तऱ्हांची: दादाकडे मराठीत, आमच्याकडे हिंदीत.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्रीच्या पाळीला वीज आली म्हणून भाऊजी बागेत गेले. ओल्या हाताने स्टार्टर दाबला आणि दूर फेकले गेले. प्राण वाचले, उजव्या हाताची दोन बोटे अजून वळत नाहीत. शेतीची वीज रात्रीच यायची, असे सासूबाई म्हणाल्या. जणू ती पावसासारखी दैवाधीन गोष्ट! मलाही तोवर तसेच वाटे.

दादाने माझा समज दूर केला. 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे दर ठरवितो तो राज्याचा नियामक आयोग. आणि कलम 64 अन्वये लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्यावाचून त्याला दराचा आदेश काढता येत नाही. दादाने आपली हरकत मराठीत लिहून मुंबईला धाडली होती. आमचा आयोग भोपाळला. तशी जाहीर सूचना आमच्याही वर्तमानपत्रांत येते. मी त्या कागदावर पापड वाळत घातले असतील.

मग वाचू लागले. नागपूरला जाताना कोराडी-खापरखेड्याची धुराडी दिसतात. सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि भार मुख्यत्वे अशा कोळशावर येतो. दिवसाची सौर वीज स्वस्त पडते, म्हणून केंद्राने जून 2023 च्या नियमांत उन्हाच्या आठ तासांत दर कमी आणि गर्दीच्या वेळी जास्त ठेवण्यास सांगितले. त्यातून शेतीचे ग्राहक वगळले, बहुधा कनवाळूपणानेच. परंतु शेतकऱ्याला कनवाळूपणापेक्षा ऊन हवे आहे! ते देता येते, हेही उघड आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्राने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2019 मध्ये केंद्राची कुसुम योजना आली.

दराच्या सुनावणीत वेळेचा प्रश्न कसा काढायचा, अशी शंका पुतण्याने काढली. वीज किती रुपयांनी घेतली याचा हिशेब तेथे होत असेल, तर ती किती वाजताची घेतली हा प्रश्न परका कसा? मी मराठीत लिहिले, त्याने हिंदी केले. भाऊजींनी सही केली; पेन दोनदा निसटले.

पाकीट बंद करताना सासूबाई म्हणाल्या, "आपला बहार कधी धरतात, ते लिहिलेस ना? त्यांना काय ठाऊक!"

ते राहिलेच होते. पाकीट पुन्हा उघडले.