बहात्तर गांवांचा वकील

औंध म्हटलें कीं आम्हां चऱ्होलीकरांच्या डोळ्यांपुढें पुण्याला लागून असलेलें, मुळेकांठचें औंध उभें राहतें. सातारा जिल्ह्यांतील दुसरें औंध आमच्या बोलण्यांत सहसा येत नाहीं. परंतु अलीकडे माझें मन त्या दुसऱ्या औंधाभोंवतींच घोटाळत असतें. आणि त्याला कारण आहेत तेथील राजपुत्र अप्पासाहेब पंत.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ चा. वडील भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचे आणि चित्रकलेचे भोक्ते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कारखाना मांडला तो याच संस्थानच्या माळावर. कारखान्यांच्या धुरांत वाढलेल्या आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांतील माणसाला एवढ्यावरूनही त्या राजाविषयीं आपलेपणा वाटावा! पण त्याची खरी थोरवी याहून निराळी आहे. १९३९ सालीं त्यानें आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हातीं दिली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश एंजिनियराचें साहाय्य घेऊन जी घटना तयार झाली, तिचा पाया गांवची पंचायत हा होता. संस्थान तें केवढें? अवघीं बहात्तर गांवें! ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आलेले अप्पासाहेब या उद्योगांत वडिलांच्या उजव्या हातासारखे वावरले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची उघडी वसाहत उभी राहिली तीही याच काळांत.

१९४८ सालीं संस्थान विलीन झालें, आणि त्याच वर्षीं अप्पासाहेब स्वतंत्र हिंदुस्थानचे कमिशनर म्हणून नैरोबीस गेले. तेथील हिंदी व्यापाऱ्यांचें हित पाहून स्वस्थ बसणें त्यांना अवघड नव्हतें. पण ज्या भूमींत आपण राहतों तेथील मूळच्या लोकांशीं एकजीव व्हा, असें ते आपल्याच लोकांना सांगत राहिले. गोऱ्या सरकारला हा मनुष्य नकोसा झाला, आणि १९५४ सालीं त्यांना तेथून हलावें लागलें. त्याच वर्षीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. पुढें १९५५ पासून गंगटोकला राहून त्यांनीं सिक्कीम, भूतान आणि तिबेट यांचे व्यवहार सांभाळले. १९५९ सालीं दलाई लामा हिंदुस्थानांत आले तेव्हां ते तेथेंच होते. त्यानंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली असा त्यांचा प्रवास झाला.

नॉर्वेचें नांव आलें कीं मला फ्रिट्यॉफ नान्सेनची आठवण होते. ग्रीनलंडचें बर्फ तुडविणारा हा संशोधक १९०६ सालीं आपल्या नव्यानें स्वतंत्र झालेल्या देशाचा वकील होऊन लंडनला गेला, आणि महायुद्धानंतर देशोधडीस लागलेल्या लाखो लोकांसाठीं झटला. ज्यांना कोणतेंच राष्ट्र आपलें म्हणत नव्हतें त्यांच्या हातीं त्याच्या नांवाचा परवाना पडला. १९२२ चें शांततेचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. लहानशा देशाच्या वकिलापाशीं तोफांचें बळ नसतें; त्याला माणुसकीच्या पुंजीवरच व्यवहार करावा लागतो. बहात्तर गांवांतून आलेल्या अप्पासाहेबांचेंही भांडवल तेंच नव्हतें काय?

माझी अशी समजूत आहे कीं, मुत्सद्देगिरी ही विद्या दरबारांत शोभते, पण शिकावी लागते चावडीवर. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांचें म्हणणें जो शेवटपर्यंत ऐकून घेतो, त्यालाच दोन राष्ट्रांचें म्हणणें ऐकण्याचा धीर येतो. आमची चऱ्होली १९९७ सालीं महानगरपालिकेंत गेली आणि ग्रामपंचायत संपली. रस्ते रुंद झाले, उंच इमारती उठल्या, आणि या सोयींचा लाभ मीही घेतोंच. त्याविषयीं तक्रार करणें कृतघ्नपणाचें ठरेल. परंतु कर भरणारा नागरिक आणि कारभार हांकणारा गांवकरी यांत अंतर आहे. पहिल्याला अर्ज करतां येतो; दुसऱ्याला शेजाऱ्याची समजूत घालावी लागते. हें दुसरें शिक्षण मुलांना आतां कोठें मिळणार, हा प्रश्न मला मनापासून छळतो.

अप्पासाहेब १९९२ सालीं निवर्तले. त्यांच्या वडिलांनीं गादी सोडली म्हणून मुलाचें कांहीं गेलें, असें मला वाटत नाहीं. गादीवर बसून जें जग त्यांना दिसलें नसतें, तें घोंगडीवर बसल्यामुळें दिसलें. शहर कितीही वाढो. अशी एखादी घोंगडी प्रत्येक वस्तींत अंथरलेली असावी, एवढेंच माझें मागणें आहे.