पाण्याशी उशिरा झालेली ओळख

साठी उलटल्यानंतर एखाद्याने पोहायला शिकायचे म्हटले, की घरीदारी एकच प्रश्न उमटतो, ‘आता कशाला?’ फिरायला जा, योगासने करा, भजनी मंडळात नाव घाला, हे सल्ले ज्येष्ठांना उदंड मिळतात. पोहण्याचा सल्ला सहसा कोणी देत नाही. आणि बाईमाणसाला तर नाहीच. माझ्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार होते, ते आधी सांगते. आपल्यापैकी जे कोणी घरी आजारी माणसाची शुश्रूषा करीत असतील, त्यांना ते चटकन उमजेल.

आम्ही सांगलीचे. कृष्णेचे पाणी फुटांत मोजण्याची सांगलीकराला सवय असते. आयर्विन पुलापाशी ते 45 फुटांवर गेले, की धोक्याची पातळी ओलांडली असे आम्ही समजतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांपर्यंत चढले आणि आमच्या गल्लीत नाव आली. माझ्या यजमानांना त्याआधी दोन वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, जडलेला होता. या व्याधीत चालता चालता पाऊल जमिनीला खिळून बसते. माणसाने कितीही मनात आणले तरी ते उचलत नाही. जिन्याच्या पाण्याबाहेरच्या शेवटच्या पायरीवर त्यांचे पाऊल असेच खिळले. दोन तरुणांनी त्यांना अलगद उचलून नावेत बसवले आणि आम्ही सुखरूप बाहेर पडलो. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेल्याची बातमी आली. ती ऐकल्यापासून एक विचार माझ्या मनात ठाण मांडून बसला. हे पाण्यात पडले असते, तर मी काय केले असते? तारुण्यात कृष्णेचे पात्र सहज पार करणारा हा माणूस, आणि त्याच्या शेजारी गुडघाभर पाण्यातही जीव मुठीत धरणारी मी.

पोहायला आले म्हणून पुरात उडी घेण्याची पात्रता येत नाही, हे येथेच स्पष्ट करते. पुराच्या पाण्याला ओढ असते, त्यात तारा, फांद्या, गटारांची उघडी तोंडे असतात. तेथे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. तलावातले माझे चार हात कोणाला वाचवण्याच्या कामाचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण पाण्याच्या नुसत्या दर्शनाने बुद्धी गोठते, तेवढे तरी थांबावे, एवढीच माझी इच्छा होती.

तिला जोड मिळाली ती अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याची. यजमानांना खुर्चीतून उठवता, वळवता, स्नान घालता माझी कंबर आणि दोन्ही गुडघे दुखू लागले होते. डॉक्टर म्हणाले, ‘पाण्यात व्यायाम करा.’ कंबरेइतक्या पाण्यात उभे राहिले, की सांध्यांवर शरीराचा भार निम्माच येतो. छातीइतक्या पाण्यात तो साधारण एक तृतीयांश उरतो. दुखऱ्या गुडघ्यांना एवढी सवलत जमिनीवर कोठेच मिळत नाही. मात्र त्यांनी एक पुस्तीही जोडली. हाडे बळकट राहण्यासाठी अंगावर भार घेऊन चालणे आवश्यकच असते आणि पोहणे त्याची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस तलाव आणि उरलेले दिवस चालणे, असे ठरले.

ठरले खरे, पण घरातून तो एक तास काढायचा कसा? शुश्रूषा करणाऱ्याला पैशापेक्षाही वेळ मागणे अवघड जाते, याचा अनुभव आपणास असेलच. औषधासाठी बाहेर पडलो तर कोणी काही म्हणत नाही. स्वतःच्या आनंदासाठी पडलो, की आपलेच मन आपल्याला जाब विचारते. माझ्या जाऊबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्या म्हणाल्या, ‘सकाळी साडेसहा ते आठ मी भाऊजींपाशी बसते. तू जा, आणि परत आल्यावर कुठे गेले होते याची सबब सांगत बसू नकोस.’ मी त्यांना वेळापत्रक लिहून दिले: सातची गोळी कोणती, ती जेवणाआधी किती वेळ द्यायची, पाऊल खिळले तर पुढे जमिनीवर काठी आडवी ठेवून ‘ही ओलांडा’ म्हणायचे, ओढायचे नाही. हे वेळापत्रक लिहिताना माझ्या ध्यानात आले, की पाच वर्षे ही सारी माहिती केवळ माझ्या डोक्यात होती. मी एखादे दिवशी तापाने पडले असते तर ती कोणालाच उपलब्ध नव्हती. आपल्याही घरी अशी स्थिती असेल, तर पोहायला जा वा जाऊ नका, पण तो कागद अवश्य लिहा.

2022 च्या मार्चमध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी, मी महिलांच्या तुकडीत नाव घातले. पोशाखाचा संकोच सर्वांनाच असतो. त्यावर आता उपाय आहे. कोपरापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत पाय असलेला नायलॉनचा पोशाख मिळतो आणि तो तलावावर चालतो. सुती कपडे मात्र घेऊ देत नाहीत, कारण ते पाणी पिऊन जड होतात. आमची प्रशिक्षक जेमतेम पंचविशीची मुलगी. तिने पहिल्या दिवशी मला हातपाय मारायला लावलेच नाहीत. उथळ बाजूला कठड्याची दांडी धरून उभे राहा, तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा, एवढेच तिचे सांगणे. मी तोंड घाली, श्वास कोंडून धरी आणि दोन क्षणांत गुदमरून वर येई. ‘काकू, तुम्ही हवा आत साठवून ठेवताय,’ ती म्हणे, ‘आधीची बाहेर जाऊ दे, मग नवी आत येईल.’

यामागचे शास्त्र मला पुढे कळले. श्वास कोंडल्यावर जी घालमेल होते, ती प्राणवायू संपल्यामुळे नसते. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत गेल्यामुळे ती उठते. पाण्यात संथपणे बुडबुडे सोडत राहिले, की ती बरीच ओसरते. लहान मुले हे आठ दिवसांत आत्मसात करतात, कारण त्यांना पाण्याची भीती घालून घेण्याइतका अवधीच मिळालेला नसतो. आपल्याला साठ वर्षांचा अवधी मिळालेला असतो. मला केवळ या एका गोष्टीला सात आठवडे लागले आणि मला वाटते, ते योग्यच होते.

या सात आठवड्यांत आमच्या स्वयंपाकघरात एक निराळाच वर्ग भरू लागला. मी सरावासाठी रुंद तोंडाचे पातेले पाण्याने भरून मेजावर ठेवी आणि त्यात तोंड घालून बुडबुडे सोडी. समोर यजमान बसलेले. ते मोठमोठ्याने अंक मोजत. कंपवातात आवाज हळूहळू खोल जातो, बोलणे पुटपुटल्यासारखे होते. म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञांनी त्यांना रोज छातीभर श्वास घेऊन खणखणीत आवाजात अंक मोजायला सांगितले होते. आजवर या व्यायामाचा त्यांना कंटाळा होता. आता माझा श्वास किती अंकांपर्यंत टिकतो हे मोजण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि पाण्यात कान बुडालेल्या बायकोला ऐकू जावे म्हणून आवाजही चढवावा लागला. ‘आज सहाच! काल आठ होते तुझे,’ असे ते मास्तरांच्या थाटात सुनावत. आजारपणाने घरातली शिकवण्याची बाजू त्यांच्याकडून काढून घेतली होती. त्या पातेल्यापाशी ती त्यांना काही काळ परत मिळाली, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे.

ते स्वतः विहिरीत शिकलेले. पाठीला वाळलेला भोपळा नाही तर झाळून बंद केलेला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने काठावरून ढकलून द्यायचे, ही त्यांची शाळा. ते आता पोहू शकत नाहीत. कंपवाताच्या रुग्णाने, पूर्वी तो कितीही तरबेज असला तरी, एकट्याने पाण्यात उतरू नये. सवयीचा हात ऐन वेळी हलेनासा होऊ शकतो. मेंदूत विद्युत्-उपकरण बसवण्याची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण तर पोहणेच विसरल्याचे डॉक्टरांना आढळले आहे. हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

तरंगण्याची पाळी आली तेव्हा त्यांचा सल्ला प्रशिक्षकाच्या सल्ल्याइतकाच उपयोगी पडला. ते म्हणाले, ‘डोके वर काढू नकोस. उशीवर ठेवतेस तसे पाण्यावर ठेव.’ कारण अगदी साधे आहे. फुप्फुसांत हवा असली, की शरीर पाण्याहून किंचित हलके असते आणि आपोआप तरंगते. परंतु चार-पाच किलोचे डोके आपण भीतीने पाण्याबाहेर उचलले, की त्याचा भार खाली येतो आणि पाय बुडू लागतात. पाय बुडाले, की भीती वाढते आणि डोके आणखी वर येते. एके सकाळी प्रशिक्षक मुलीचा हात माझ्या पाठीखालून कधी निघाला ते मला समजलेही नाही. कानांत पाणी होते, त्यामुळे सारा गोंगाट थांबलेला. वर आकाश आणि एक घार. कोणाला उठवायचे नव्हते, कोणाला बसवायचे नव्हते, आणि माझे स्वतःचे वजनही मला पेलायचे नव्हते. मी किती वेळ तशी होते कोण जाणे. बाहेर आल्यावर मला रडू आले आणि ते तलावाच्या पाण्यात खपून गेले.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार किंवा दमा असेल, तर डॉक्टरांची परवानगी घेतल्यावाचून उतरू नये. मधुमेही व्यक्तीने, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्याने, पाण्यात जाण्यापूर्वी साखर तपासावी आणि काठावर काही गोड ठेवावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर नेत्रतज्ज्ञ सांगतील तितके आठवडे तलाव वर्ज्य. कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास तोच नियम. थंड पाण्यात एकदम शिरू नये, आधी हातपाय, मानेवर पाणी घ्यावे, कारण गार पाण्याच्या धक्क्याने श्वास आणि नाडी दोन्ही उसळतात. ज्येष्ठांना पाण्यापेक्षाही तलावाकाठच्या ओल्या फरशीचे भय अधिक मानावे. रबरी चपला आणि कठडा सोडू नये. पाण्यात असताना लघवीची भावना लवकर होते, हे शरीराचे स्वाभाविक कार्य आहे. त्याचा संकोच न करता आधी आणि मध्ये जाऊन यावे. आणि उतरण्यापूर्वी स्नान टाळू नका. तलावाचा जो उग्र वास आपण क्लोरीनचा समजतो, तो बहुतांशी क्लोरीनची घामाशी व लघवीशी प्रक्रिया होऊन येतो. म्हणजे तो वास औषधाचा कमी आणि आपल्या सर्वांचा जास्त असतो!

आज मी तलावाची रुंदी बेडकासारखे हातपाय मारीत, न थांबता चार वेळा पार करते. खोल बाजूला जीवरक्षक जवळ असल्याशिवाय जात नाही आणि जाण्याची घाईही नाही. कंबर अजून दुखते, पण सकाळी अंथरुणातून उठताना पूर्वीसारखा आधार शोधावा लागत नाही. यजमानांची व्याधी तिच्या गतीने पुढे चालली आहे, त्यात माझ्या पोहण्याने काही फरक पडलेला नाही. त्यांचे अंक मात्र आता एका श्वासात पंधरापर्यंत जातात, माझे बारा.

गेल्या महिन्यात जाऊबाईंनी चाचरत विचारले, ‘तो पायापर्यंतचा पोशाख आमच्या मापाचा मिळेल का गं?’ त्या 69 वर्षांच्या आहेत. पोशाख मिळाला. आता साडेसहा ते आठ यजमानांपाशी कोण बसणार, हा प्रश्न आहे. समोरच्या बिऱ्हाडातले एक सेवानिवृत्त शिक्षक बुधवारचा दिवस घ्यायला तयार झाले आहेत. त्यांच्यासाठी तो वेळापत्रकाचा कागद मी पुन्हा, मोठ्या अक्षरांत, लिहून काढते आहे.