उशिराची रोवणी

परवा शाळेच्या फाटकाशी उभी होते. पावसाची भुरभुर चालू होती. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण आईने आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि मोठ्या अगत्याने विचारले, "आजी, तुमची नात कोणत्या वर्गात आहे?"

"दुसरीत," मी म्हणाले. नात्याची दुरुस्ती करायचे राहूनच गेले. इतक्यात दप्तर सावरीत चिमी धावत आली आणि "आई!" म्हणून माझ्या कमरेला बिलगली. ती बिचारी बाई इतकी ओशाळली, की छत्री माझ्याच हातात देऊन भिजत निघून गेली. छत्री अजून आमच्या घरी आहे!

तिचे काय चुकले म्हणा! माझे वय एक्कावन्न आहे आणि चिमीचे सात. वजाबाकी कोणालाही करता येते.

माझे लग्न झाले तेव्हा मी पस्तिशीत होते. पाठचे दोन भाऊ शिकायचे होते, चंद्रपूरच्या शाळेत माझी नोकरी होती. दिवस कसे गेले कळले नाही. आमचे हे वनखात्यात. आज आलापल्ली, उद्या सिरोंचा. ते सागाच्या झाडाच्या बुंध्याचा घेर मोजून त्याचे वय सांगत. बायकोचेही वय वाढते आहे, हे मात्र दोघांच्याही ध्यानात उशिरा आले. मग सुरू झाले औषधपाणी, सासूबाईंचे महाकालीला नवस आणि चैत्राच्या यात्रेत अनवाणी चालणे. त्रेचाळिसाव्या वर्षी आम्ही नागपूरला एका डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो.

बाई मोठ्या स्पष्ट होत्या. म्हणाल्या, "तुमची पिशवी उत्तम आहे. पण बीजे थकली आहेत."

मी जीवशास्त्र शिकवणारी. पण वर्गात जे फळ्यावर लिहिले ते स्वतःला कधी लागू केले नव्हते. मुलगी जन्माला येते तीच आपली सारी बीजे घेऊन. तेव्हा ती दहा-वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि नवे एकही तयार होत नाही. म्हणजे माझ्या चाळिशीतले बीज चाळीस वर्षांचे! इतकी वर्षे थांबलेल्या बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकू लागते. मग गर्भ राहत नाही, राहिला तर टिकत नाही, टिकला तर कधी सदोष निपजतो. डाउन्सचे मूल होण्याची शक्यता पंचविशीत हजार-बाराशेत एक असते, ती चाळिशीत शंभरात एकाच्या आसपास येते.

"आणि पिशवीचे वय?" ह्यांनी विचारले.

बाई हसल्या. हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता, म्हणाल्या. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून मूल होण्याची पहिली उदाहरणे १९८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आणि अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. पुढे १९९० साली कॅलिफोर्नियात डॉ. मार्क सॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्या बायकांना तरुण स्त्रियांची बीजे देऊन पाहिली, तर त्यांना तरुणींसारखेच दिवस राहिले! घड्याळ होते ते बीजात, पिशवीत नव्हते. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली हर्षाचा जन्म घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीच जानेवारी १९९१ मध्ये दिलेल्या बीजाचे देशातले पहिले मूल जन्माला आणले.

मग बाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या. स्वतःच्या बीजाच्या यशाची रेघ पस्तिशीनंतर उतरणीला लागून त्रेचाळिशीपाशी जवळजवळ जमिनीला टेकलेली. आणि दुसरीच्या बीजाची रेघ पन्नाशीच्या जवळपास जाईपर्यंत बहुतेक सरळ. दर खेपेला शंभरात चाळीस-पन्नास जणींना यश. "विचार करून सांगा," म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर वरोरा येईपर्यंत आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही. तुम्ही म्हणाल, विचार कसला करायचा? पण माझ्या मनात एकच काटा सलत होता. बीज त्यांचे आणि कोणा परक्या बाईचे; मग मी कोण? नुसती जागा? मूल पुढे कधी म्हणाले, की तू माझी आई नव्हेस, तर काय उत्तर द्यायचे? त्या रात्री मी ह्यांच्याशी भांडलेदेखील. कशावरून, ते आठवत नाही. बहुधा वरणात मीठ कमी पडल्यावरून असेल.

तो काटा काढला आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी. त्या गडचिरोलीकडच्या, धानपट्ट्यातल्या. मी त्यांना सारे सांगून टाकले. आपल्या माणसांपुढे जे बोलवत नाही ते असे भलतीकडेच बोलून जाते. त्यांनी राखेचा हात तसाच ठेवून ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "यात काय नवल हाये, बाई? धानाचं तसंच हाये ना! परे एका बांधीत, रोवणी दुसऱ्या बांधीत. दाना भरते तो रोवलेल्या बांधीत. मंग धान कोनाचं म्हनाचं?"

मी पाहतच राहिले. आपल्या जुन्या शास्त्रात बीज पुरुषाचे आणि स्त्री म्हणजे नुसते शेत. स्त्रीलाही बीज असते, हे शास्त्रज्ञांनादेखील १८२७ मध्ये फॉन बेअरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कळले. पण परे उपटून रोवणाऱ्या बाईला शेत म्हणजे नुसती जागा नव्हे, हे कोणी शिकवावे लागत नाही.

मावशींना स्वतःला मूल नव्हते. तरुणपणी ओटीपोट सतत दुखे, दाखवणार कोणाला? पुढे त्याच कारणाने नवऱ्याने दुसरी केली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत साडेसहाशे स्त्रिया तपासल्या, त्याचा वृत्तांत १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ! असली दुखणी अंगावर काढली, की गर्भनलिका बंद होतात. मला दोन लाख रुपये खर्चून जे मिळणार होते, ते मावशींना कदाचित वेळेवर मिळालेल्या साध्या औषधाने मिळाले असते. हे मनात आले की आजही मला माझ्या सुखाची थोडी लाज वाटते.

सासूबाईंची मला धास्ती होती. पण त्या म्हणाल्या, "अगं, ज्या राणी हिराईने महाकालीचे देऊळ बांधले, तिनेही रामशहाला दत्तकच घेतले ना? तू तर नऊ महिने पोटात वाढवणार!" आणि नवसाची साडी काढून ठेवली.

पहिली खेप फुकट गेली. दुसरी लाभली. बीज देणारीविषयी मला दोनच गोष्टी कळल्या: वय सव्वीस आणि रक्तगट. तिने दहा-बारा दिवस इंजेक्शने घेतली, भुलीखाली सुई टोचून घेतली. कशासाठी, घरच्या कोणत्या अडचणीसाठी, देव जाणे. माझ्या सुखाच्या हिशेबात तिची ती बाजू कायमची कोरी आहे. आता २०२१ चा कायदा आहे. बीज देणारी तेवीस ते पस्तीस वर्षांची हवी, तिने आयुष्यात एकदाच द्यावे आणि सातांहून जास्त बीजे काढू नयेत. घेणाऱ्या बाईलाही पन्नाशीची मर्यादा आहे.

ही मर्यादा मला पटते. पिशवीला वय नसले तरी बाईला असते. दुसरीच्या बीजाचा गर्भ असला, की रक्तदाब चढण्याचा धोका अधिक. माझाही आठव्या महिन्यात चढला आणि शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली. २०१९ साली आंध्रात गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना याच मार्गाने जुळ्या मुली झाल्या, तेव्हा चिमी वर्षाची होती. सगळे जण नवल करीत होते. मी मात्र बोटांवर मोजीत बसले, की चिमी विशीत जाईल तेव्हा मी किती वर्षांची! तेव्हापासून पहाटे उठून रामाळा तलावाकडे फिरायला जाते. साखर सोडली आहे. उशिरा रोवणी करणाऱ्याने पीक घरात येईपर्यंत तरी उभे राहिले पाहिजे.

राहता राहिला तो प्रश्न, चिमीला सांगायचे की नाही? "सांगू नका, कोणाला कळणार आहे?" असे सांगणारे पुष्कळ भेटले. पण जे लेकीपासून लपवायचे त्याची आपल्याला लाज वाटते, असाच त्याचा अर्थ झाला असता.

या श्रावणात आम्ही ब्रह्मपुरीजवळ सासरच्या गावी गेलो होतो. रोवणी चालली होती. गुडघाभर चिखलात बाया वाकून परे लावीत होत्या. चिमीने विचारले, "आई, ही झाडं त्या बांधीतून उपटली, तर त्यांना वाईट नाही वाटत?" मी बांधावर बसले, तिला मांडीवर घेतले आणि सारे सांगितले. माझा आवाज कापत होता. तिने ऐकून घेतले, थोडा वेळ चिखलात पाय हलवले आणि म्हणाली, "म्हणजे ती माझी मावशीच झाली की! मग ती दिवाळीला का येत नाही?"

मी म्हणाले, "तिचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही."

चिमीने बराच विचार केला. मग म्हणाली, "तरी तिच्यासाठी एक पणती लावू या. म्हणजे तिला घर सापडेल."

यंदा आमच्या उंबऱ्यावर एक पणती जास्त आहे. शेजारच्या काकूंनी मोजून विचारलेच, "ही कोणाची हो?" चिमीने उत्तर दिले, "आमच्या मावशीची." आणि फुलबाजी घेऊन अंगणात पळाली.