जास्तीच्या प्लेटा

३ नोव्हेंबर
कोल्हापूरकडच्या एका डेअरीची प्लेट हीट एक्स्चेंजरसाठी (पीएचई) मागणी आली. तासाला १०,००० लिटर दूध. ४ अंशांवरून ७२ वर न्यायचं, तिथे १५ सेकंद धरायचं, परत ४ वर आणायचं. सोबत दोन अटी : रिजनरेशन ९४ टक्के हवं, आणि प्लेटा २५ टक्के जास्तीच्या, ‘सेफ्टीसाठी’.

पहिली विचार करण्याजोगी आहे. ९० टक्के धरलं तर जाणारं गरम दूधच येणाऱ्या गार दुधाला ६५ पर्यंत चढवतं. वाफेला उरतात सातेक अंश. ९४ वर उरतात चारच. पण दोन दुधांतला फरकही चारच अंशांचा होतो, आणि रिजनरेशनचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट. चिलरचा भारही हलका होतो म्हणा.

४ नोव्हेंबर
दुसऱ्या अटीने डोकं उठवलं. प्लेटा समांतर वाढवल्या की प्रत्येक फटीतला वेग ८० टक्क्यांवर येतो, आणि त्याबरोबर उष्णता जाण्याचा दरही पडतो. पत्रा २५ टक्के जास्त, क्षमता वाढते सात-आठ टक्के! प्रेशर ड्रॉप मात्र एक तृतीयांशाने उतरतो. म्हणजे वाहतं दूध पत्र्याला घासतं तो जोर गेला. पत्रा स्वच्छ राहतो तो त्याच जोरावर.

७ नोव्हेंबर
डेअरीतला जुना पीएचई उघडायचा होता. फिटरमामांनी पाना लावण्याआधी टेप लावली. दोन जाड प्लेटांमधलं अंतर नेमप्लेटवरच्या किमान मापाहून तीन मिलिमीटर कमी भरलं. गळती दिसली की आवळ बोल्ट, असं चाललं असणार. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तो. कंगोऱ्यावर कंगोरा टेकतो तिथे ठिपक्याठिपक्यांनी चेपलेला. “गॅस्केट बदलायचं सोडून पाना मारत बसत्यात बघा, साहेब.”

हीटिंगच्या विभागात पोर्टाजवळच्या प्लेटा बऱ्या होत्या. टोकाकडे जावं तसा पिवळट थर वाढत गेलेला. नखाने निघेना. शेवटच्या चार-पाच प्लेटांच्या नाळी बुजायलाच आल्या होत्या. एकाच पासमध्ये फटी फार, लांबच्या फटींत दूध पोचतं ते रेंगाळत. ही कुणाची तरी जुनी ‘सेफ्टी’.

१० नोव्हेंबर
बैठक. पाश्चराइज्ड बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा चढा ठेवायचा, म्हणजे प्लेटेला भोक पडलंच तर कच्चं दूध पक्क्यात शिरणार नाही. त्यासाठी बूस्टर पंप. यावर कुणी ब्र काढला नाही. २५ टक्क्यांवर मात्र तासभर गेला. खरेदीवाल्यांना जास्त प्लेटा म्हणजे जास्त माल वाटतो. मी टोकाकडची एक जुनी प्लेट टेबलावर ठेवली, मग आवाज जरा खाली आले.

ठरलं ते असं : मार्जिन १० टक्क्यांच्या आत, पंप देईल तेवढा प्रेशर ड्रॉप पुरता वापरायचा, फ्रेम मात्र लांब घ्यायची. पुढे दूध वाढलं तर पासांची मांडणी नव्याने करून प्लेटा घालता येतील. लांब फ्रेम मॅनेजरसाहेबांना फारच आवडली. ९४ टक्क्यांचं अडून आहे; वाफेचा खर्च किती पडतो ते सोमवारी कळवतो म्हणालेत.