गंधवह

वाऱ्याला आपल्याकडे ‘गंधवह’ असे जुने नाव आहे. गंध हा पृथ्वीचा गुण, वायूचा गुण स्पर्श, आणि वारा गंधाचा केवळ वाहक, अशी न्याय-वैशेषिकांची मांडणी. वर्गात हा शब्द आला की मला एखादा प्रामाणिक हमाल दिसतो, ओझे जसेच्या तसे पोचवणारा. वातावरणाचे रसायनशास्त्र थोडेफार वाचल्यापासून मात्र हा हमाल मला अधिक गुंतागुंतीचा वाटू लागला आहे.

मोगऱ्याच्या सुगंधातला एक घटक म्हणजे लिनॅलूल, ऑक्सिजनचा एक अणू बाळगणारे अल्कोहोल. दिवसा सूर्याचे अतिनील किरण ओझोनला फोडतात. सुटलेला ऑक्सिजनचा उत्तेजित अणू बाष्पाशी भिडतो आणि हायड्रॉक्सिल मूलक जन्मतो. त्याचे आयुष्य जेमतेम एका सेकंदाचे, पण तेवढ्यात तो लिनॅलूलच्या दुहेरी बंधावर तुटून पडतो. ओझोनही तेच करतो. रात्री ते काम नायट्रेट मूलकाकडे जाते. तासाभरात लिनॅलूलचा बराचसा भाग मोडलेला असतो. उरतात ॲसिटोन, फॉर्मल्डिहाइड असे तुकडे. ॲसिटोन काही आठवडे टिकते. फॉर्मल्डिहाइड उन्हात काही तासांत मोडून कार्बन मोनॉक्साइड होते आणि दोनेक महिन्यांनी कार्बन डायऑक्साइड. ‘गंध विरला’ या दोन शब्दांत एवढा प्रवास दडलेला असतो.

मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट कॅलिफोर्नियात अननसाच्या गंधाचा अभ्यास करत होते. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे कोडे १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनीच उलगडले: वाहनांचा धूर आणि ऊन यांतून ओझोन तयार होतो. तोच ओझोन फुलांच्या गंधालाही खातो. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली गणिती प्रारूप मांडले. त्यानुसार प्रदूषणपूर्व काळी हजार-बाराशे मीटर जाणारा फुलांचा गंध मोठ्या शहरांच्या वाऱ्याच्या दिशेला आता दोन-तीनशे मीटरांतच संपतो.

आपल्यासाठी हा सौंदर्याचा प्रश्न असेल. मधमाशीसाठी तो वाट सापडण्याचा आहे. फूल फुलले, गंधही सुटला, तरी निरोप पोचला नाही. साहित्याच्या अभ्यासात आपण कृती आणि वाचक यांविषयी भरभरून बोलतो, पण मधल्या हवेचा विचार क्वचितच करतो. ‘गंधवह’ हा शब्द मी यापुढेही शिकवीन. फक्त त्यासोबत, वाटेत ओझ्याचे काय होते, हेही विद्यार्थ्यांना विचारीन.